डावाचे झाड आणि यंत्राची निवड

बुद्धिबळाचा डाव संपला की हल्लीची मुले पट आवरण्याआधी मोबाइल हातात घेतात, डावातल्या खेळ्या त्यात भरतात आणि यंत्राचा निकाल विचारतात. यंत्र एक आकडा देते. पांढऱ्याकडे अधिक ०.४, किंवा काळ्याकडे अधिक १.२, असा काहीतरी. तो पाहून एकाचा चेहरा खुलतो, दुसऱ्याचा पडतो, आणि घोडा मारायला हवा होता की नको हा वाद तेथेच मिटतो. हाच वाद एके काळी तासभर चाले, आणि त्या तासात पुष्कळ शिकणे होई. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातील बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला. त्यानंतर आपल्या लहान गावांतल्या आईबापांनाही आपल्या मुलांनी हा खेळ शिकावा असे वाटू लागले तर त्यात नवल नाही. पण शहरात मुलाला शिक्षक मिळतो. येथे पुष्कळदा तो मोबाइलच शिक्षक होऊन बसतो. तेव्हा हा शिक्षक बोलतो ते कशाच्या आधारावर, हे मुलांच्या वडीलधाऱ्यांनी तरी जाणून घेतले पाहिजे.

यंत्राने काय पाहिले म्हणून तो आकडा दिला, आणि काय पाहिलेच नाही, एवढाच या लेखाचा विषय आहे. सर्वसाधारण समजूत अशी की यंत्र 'सगळ्या शक्यता' तपासून पाहते. ती खरी नाही. बुद्धिबळासारख्या खेळातल्या सगळ्या शक्यता कोणतेही यंत्र तपासत नाही. तसे करणे त्याला शक्यही नाही. फार थोडे पाहून पुष्कळाविषयी बोलायचे हेच त्याचेही काम. थोडे पाहायचे तर कोणते पाहायचे, याविषयी गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत ज्या निरनिराळ्या रीती निघाल्या, त्यांची ही हकिकत आहे. विषय गणितातला खरा, पण बेरीज-गुणाकारापलीकडचे गणित त्याला लागत नाही.

आरंभ बुद्धिबळाने न करता वाघ-बकरीने करू. आपल्या डहाणू-तलासरीच्या मुलखात वाघाला कोणी परके मानत नाही. वारली वस्त्यांच्या बाजूला वाघदेवाचे दगड आणि कोरीव लाकडी फळ्या आजही उभ्या आहेत, आणि दिवाळीच्या तोंडावर वाघबारस होते. वाघ-बकरीचे पट महाराष्ट्रात लेण्यांच्या आणि किल्ल्यांच्या पाषाणावर कोरलेले आढळतात. जमिनीवर रेघा ओढून आणि खडे मांडूनही हा खेळ होतो. नियम जागोजाग वेगळे आहेत. येथे आपण नेपाळात 'बाघचाल' म्हणून चालतो तो प्रकार घेऊ, कारण त्याचा यंत्राने केलेला संपूर्ण हिशेब प्रसिद्ध झालेला आहे. पटावर पाच ओळींत पाच-पाच मिळून २५ ठिकाणे. चार कोपऱ्यांवर चार वाघ. बकऱ्या २०, पण त्या हातात. एकेक करून पटावर ठेवायच्या आणि सगळ्या ठेवून झाल्यावर मगच त्यांना हलवायचे. वाघ शेजारच्या मोकळ्या ठिकाणी जातो, किंवा शेजारच्या बकरीवरून उडी मारून पलीकडे उतरतो आणि तिला मारतो. पाच बकऱ्या गेल्या तर वाघ जिंकले. चारही वाघ कोंडले गेले तर बकऱ्या जिंकल्या.

पहिली बकरी ठेवायला २१ ठिकाणे मोकळी आहेत. ती कोठेही ठेवली तरी वाघांना उत्तरादाखल १२ चाली असतात. म्हणजे दोघांची एकेक खेळी होते न होते तोच २५२ निरनिराळ्या वाटा फुटल्या. प्रत्येक वाटेतून पुढे आणखी वाटा. कागदावर काढू गेल्यास याची आकृती झाडासारखी होते: आरंभीची स्थिती हे मूळ, प्रत्येक खेळी ही फांदी, डावाचा शेवट हे पान. हे झाड कागदावर उलटे काढण्याची पद्धत आहे, गीतेतल्या अश्वत्थासारखे, मूळ वर आणि फांद्या खाली. येथे एक सवलतही लक्षात घ्यावी. पट चौरस असल्यामुळे तो फिरवला किंवा आरशात पाहिला तरी खेळ तोच राहतो. त्यामुळे पहिल्या बकरीची ती २१ ठिकाणे वास्तविक ५ च आहेत. यंत्र पहिली काटछाट करते ती अशी.

झाडात वाट शोधणे ही गोष्ट नेहमीच्या व्यवहारातही घडते. डहाणूहून तलासरीला जायचे तर चारोटी नाक्यावर जाऊन महामार्ग धरावा की बोर्डीच्या बाजूने जावे, हाही शोधच. परंतु रस्ता आपल्याशी वैर करत नाही. आपण चारोटीची वाट धरली म्हणून कोणी मुद्दाम पुढे जाऊन ती बंद करत नाही. खेळात नेमके तेच होते. एका फांदीवर खेळी मी निवडतो, पुढच्या फांदीवर समोरचा निवडतो, आणि तो माझ्या वाइटावर टपलेला असतो. म्हणून माझ्या एखाद्या खेळीची किंमत तिच्यातून निघणाऱ्या सर्वांत चांगल्या पानाइतकी नसते. समोरचा मला जेथे लोटील त्या पानाइतकी असते. त्याने केलेल्या वाइटातले मला त्यातल्या त्यात बरे कोणते, अशी निवड पानापासून मुळापर्यंत उलट करत यायचे. अशा खेळांत तत्त्वतः निकाल ठरलेलाच असतो, हे झेर्मेलोने १९१३ मध्ये मांडले. आणि दोन विरुद्ध हितांच्या खेळाडूंचे सर्वसाधारण गणित फोन नॉयमनने १९२८ मध्ये दिले.

तत्त्वतः ठरलेला निकाल काढता मात्र येत नाही, कारण झाड फार मोठे आहे. अमेरिकन गणिती क्लॉड शॅनन याने १९५० मध्ये बुद्धिबळ खेळणाऱ्या यंत्रावर निबंध लिहिला. त्यात त्याने अगदी साधा हिशेब केला आहे. एका स्थितीत सुमारे ३० खेळ्या, तेव्हा दोघांच्या एकेक खेळीच्या मिळून सुमारे हजार वाटा. असा डाव ४० खेळ्या चालला तर एकावर १२० शून्ये इतक्या वाटा. म्हणून काही खेळ्यांपर्यंत खाली उतरायचे, तेथे थांबायचे, आणि त्या स्थितीला अदमासाने गुण द्यायचे: वजीर इतका, हत्ती इतका, राजा उघडा पडला तर इतके वजा. यापुढे दोन मार्ग आहेत असे शॅननने सांगितले. एक, सर्व फांद्या सारख्याच खोलीपर्यंत पाहणे. दुसरा, निवडक फांद्या पाहणे, पण त्या खोलवर पाहणे. माणूस दुसऱ्या मार्गाने खेळतो, आणि यंत्रानेही तसेच करावे असा शॅननचा कल होता. पुढचा सगळा इतिहास या दोन मार्गांच्या ओढाताणीचा आहे.

पहिल्या मार्गात एक उघड दोष राहतो. डहाणूच्या किनाऱ्यावर उभे राहिले असता क्षितिजापलीकडची बोट दिसत नाही. म्हणून ती नाही असे आपण समजत नाही. यंत्र मात्र तसे समजते. आठ खेळ्यांपर्यंत पाहणाऱ्या यंत्राचा वजीर आठव्या खेळीला जाणार असेल, तर मध्येच एक प्यादे फुकट देऊन ते तो प्रसंग दहाव्या खेळीवर ढकलते आणि वजीर वाचला असे मानते. मग पुन्हा एक प्यादे. हान्स बर्लिनर याने १९७३ मध्ये या दोषाला क्षितिजाचेच नाव दिले. आपल्याकडे सावकाराचे देणे फेडायला दुसरे कर्ज काढणाऱ्याची जी स्थिती होते, ती याहून फारशी वेगळी नसावी.

या पहिल्या मार्गाला बळ आले ते छाटणीच्या युक्तीमुळे. वाघ-बकरीतच पाहा. बकऱ्यांच्या बाजूने मी एक खेळी तपासली. वाघांच्या सर्व उत्तरांचा विचार केला आणि कोणत्याही उत्तराने बकरी मरत नाही असे ठरले. आता दुसरी खेळी तपासायला घेतली, तर वाघाच्या पहिल्याच उत्तराने बकरी मरते असे दिसले. मग वाघाची उरलेली अकरा उत्तरे पाहण्याचे काही कारण आहे काय? ती कशीही असोत, ही खेळी पहिलीहून वाईट ठरलीच. येथेच फांदी तोडायची. बागाईतदार छाटणी करतो तेव्हा हातून एखादी फळती फांदी जाण्याचा धोका असतो. या छाटणीत तो मुळीच नाही. सगळे झाड पाहून जे उत्तर आले असते तेच येते. जॉन मॅकार्थी आणि इतरांनी १९५० नंतरच्या दशकात ही युक्ती वापरात आणली, आणि डोनाल्ड नथ व रोनाल्ड मूर यांनी १९७५ मध्ये तिचा नेमका हिशेब दिला. प्रत्येक ठिकाणी ३० खेळ्या आणि खोली ४ असेल तर पाने ८,१०,००० होतात. छाटणी उत्तम साधली तर त्यांपैकी १,७९९ पाहून भागते.

'उत्तम साधली तर' या शब्दांत सगळी मेख आहे. चांगली खेळी आधी तपासली तरच छाटणी भरपूर होते. वाईट खेळ्या आधी तपासल्या तर जवळजवळ काहीच तुटत नाही. म्हणजे उत्तम खेळी शोधण्याचे काम झटपट व्हावे यासाठी उत्तम खेळी कोणती याचा अदमास आधीच हवा! यंत्र ही अडचण अशी सोडवते की प्रथम उथळ शोध घेते, त्यात चांगल्या दिसलेल्या खेळ्या पुढे आणते, मग एक पायरी खोल जाते, पुन्हा क्रम लावते. मे १९९७ मध्ये न्यूयॉर्क येथे गॅरी कास्पारॉव्हला ३.५ विरुद्ध २.५ गुणांनी हरवणारे 'डीप ब्ल्यू' हे यंत्र मुख्यतः याच मार्गाचे होते. ते सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासत असे.

आता पर्यायी रीतींकडे वळू. काहींना वाटले, फांद्या डावीकडून उजवीकडे ओळीने का पाहाव्या? ज्या फांदीवर सध्या सर्वांत अधिक आशा आहे तिच्यावर आधी जावे. आशा मावळली तर ती सोडून दुसरी धरावी. जॉर्ज स्टॉकमन याने १९७९ मध्ये अशी एक रीत प्रसिद्ध केली, आणि ती छाटणीहून कधीही अधिक पाने पाहत नाही, बहुधा कमीच पाहते, असे दिसले. पण अर्धवट सोडलेल्या सगळ्या फांद्यांची याद जवळ बाळगायची, तर यंत्राची स्मृती अपुरी पडू लागली. आपल्या देशातही यावर चांगले काम झाले. कलकत्त्याच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटमधील सुबीर भट्टाचार्य व अमिताव बागची यांनी जेवढी स्मृती हाताशी असेल तेवढीत हा शोध कसा भागवावा यावर १९८६ पासून निबंध लिहिले. दहा वर्षांनी, १९९६ मध्ये, आस्के प्लाट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक गंमत दाखवली. पाहिलेल्या स्थिती लक्षात ठेवणारी छाटणीच जर पुन्हा पुन्हा, नेमक्या प्रश्नासह चालवली, तर ती स्टॉकमनच्याच क्रमाने तीच पाने पाहते. दोन पंथ म्हणून ज्यांचा इतका वाद झाला, ते एकाच घरची दोन दारे निघाली.

दुसरी एक रीत मला अधिक मनोरंजक वाटते. तिला गुण नकोतच. तिचा प्रश्न होय-नाहीचा असतो: येथून जिंकता येते की नाही? एखाद्या स्थितीत मी जिंकतो हे सिद्ध करायचे तर माझी एकच चांगली खेळी दाखवली तरी पुरते, पण समोरच्याच्या मात्र प्रत्येक उत्तराला तोंड द्यावे लागते. तेव्हा जेथे समोरच्याला उत्तरे थोडी आहेत, त्या बाजूने पुरावा स्वस्त पडतो. निष्णात वकील ज्याप्रमाणे कमीत कमी साक्षीदारांत दावा उभा राहील अशी बाजू धरतो, त्याप्रमाणे ही रीत प्रत्येक फांदीपाशी 'येथे आणखी किती साक्षी लागतील?' हा आकडा मांडते आणि सर्वांत लहान आकड्याकडे जाते. हॉलंडमधील व्हिक्टर अ‍ॅलिस याने १९९४ च्या सुमारास ती पूर्णत्वास नेली. राजाला कोंडून मात देण्याच्या कोड्यांत, जेथे समोरच्याला एकदोनच उत्तरे उरतात, ही रीत फार खोलवर सहज उतरते. मंद, संथ स्थितीत मात्र ती भरकटते.

वाघ-बकरीचा निकाल काय लागला, हे वाचकांना विचारावेसे वाटत असेल. लिम यू जिन आणि युर्ग नीवरगेल्ट यांनी हा खेळ दोन्ही टोकांनी पोखरला. सर्व बकऱ्या पटावर आल्यानंतरच्या स्थितींचा निकाल त्यांनी शेवटाकडून मागे येत काढून ठेवला. बकऱ्या ठेवण्याचा टप्पा, म्हणजे बकऱ्यांच्या २० आणि मधल्या वाघांच्या १९ मिळून ३९ खेळ्या, हा पुढून शोधला. बकऱ्या हरत नाहीत हे दाखवताना बकऱ्यांची निवडक एकेक खेळी आणि वाघांच्या सगळ्या. वाघ हरत नाहीत हे दाखवताना उलट. २००९ मध्ये ग्रंथरूपाने आलेल्या त्यांच्या निबंधाचा निष्कर्ष असा की दोघेही निर्दोष खेळले तर डाव बरोबरीत सुटतो.

आतापर्यंतच्या सगळ्या रीतींना एक गोष्ट लागत होती: मध्येच थांबल्यावर स्थितीला गुण देता येणे, किंवा शेवटपर्यंत पोचणे. चीन-जपानकडे 'गो' नावाचा खेळ आहे. पट १९ गुणिले १९, म्हणजे ३६१ ठिकाणे. खडे काळे आणि पांढरे, आणि सगळे सारखेच. वजीर-प्याद्यांसारखा मोजण्याजोगा भेद नाही. अर्ध्या डावात कोण पुढे आहे हे उस्ताद नजरेने सांगतो, पण का ते शब्दांत मांडणे त्यालाही जड जाते. मग आज्ञावलीत काय लिहिणार? एकेका स्थितीत खेळ्याही दोन-अडीचशे. छाटणीने बुद्धिबळ जिंकले तरी येथे यंत्रे हौशी खेळाडूंच्या वर जाईनात.

वाट सापडली ती नमुना पाहण्यातून. घोलवडचा व्यापारी चिकूच्या टोपल्या विकत घेताना प्रत्येक फळ दाबून पाहत नाही. वरची, मधली, तळची अशी काही फळे काढतो आणि टोपलीचा भाव ठरवतो. गोमध्येही असेच करता येईल: या स्थितीपासून दोन्ही बाजूंनी बिनडोकपणे, फासे टाकल्याप्रमाणे खेळ्या करत डाव शेवटापर्यंत नेऊ, शेवटी तरी कोण जिंकला हे मोजता येते. असे हजार डाव खेळून ६०० काळा जिंकला, तर ही स्थिती काळ्याला बरी. गुण देण्याची विद्या नसली तरी चालते. ही कल्पना १९९३ पासून फिरत होती, पण नुसत्या नमुन्याने खेळ सुधारेना, कारण समोरचा काही फासे टाकून खेळत नसतो.

मग नमुने कोठे अधिक घ्यावेत, याचा विचार आला. डहाणूच्या एखाद्या मच्छीमाराला जाळे टाकायला चार जागा ठाऊक आहेत असे समजा. पहिल्या जागी तो दहादा गेला आणि बऱ्यापैकी मासळी मिळाली. दुसऱ्या जागी एकदाच गेला आणि रिकामा आला. आज कोठे जावे? पहिल्या जागी, हे उघड दिसते. पण दुसऱ्या जागेविषयी त्याचे ज्ञान एका दिवसाचे आहे; तो दिवसच वाईट असेल. फक्त मिळकतीमागे गेला तर चांगली जागा कायमची हुकेल. फक्त शोधच करत राहिला तर घरची चूल पेटणार नाही. गणितज्ञांनी यावर एक नेमका तोडगा काढलेला आहे. प्रत्येक जागेच्या सरासरी मिळकतीत 'संशयाचा फायदा' म्हणून एक भर घालायची. त्या जागी जितक्या वेळा गेलो तितकी ती भर कमी होते; इतर जागी जात राहिलो तर ती हळूहळू वाढते. बेरीज जेथे मोठी तेथे आज जायचे. हंगेरीच्या लेव्हेंटे कोचिश आणि चाबा सेपेशव्हारी यांनी २००६ मध्ये हा नियम झाडाच्या प्रत्येक फाट्यावर बसवला. त्याच वर्षी फ्रान्समध्ये रेमी कूलों याने 'क्रेझी स्टोन' या गो खेळणाऱ्या आज्ञावलीत जवळपास अशीच रीत वापरून स्पर्धा जिंकली.

या रीतीने झाड सारखे वाढत नाही. आशेच्या फांद्या लांब, दाट होत जातात आणि निराशेच्या फांद्या खुरट्या राहतात, पण अगदी मरत नाहीत. शॅननचा दुसरा मार्ग, निवडक फांद्या खोलवर पाहण्याचा, अर्धशतकानंतर असा यशस्वी झाला. पुढे लंडनच्या 'डीपमाइंड' संस्थेने फाशांच्या जागी शिकवलेले कृत्रिम मज्जाजाल बसवले. ते स्थिती पाहून दोन गोष्टी सांगते: कोणत्या खेळ्या पाहण्याजोग्या आहेत, आणि जिंकण्याची आशा किती. तिच्या 'अल्फागो'ने मार्च २०१६ मध्ये सोल येथे ली सेडॉलला ४ विरुद्ध १ असे हरवले. डिसेंबर २०१७ मध्ये 'अल्फाझीरो'ने बुद्धिबळातही 'स्टॉकफिश' या छाटणीच्या मार्गावरील आज्ञावलीविरुद्ध १०० डावांपैकी २८ जिंकले आणि ७२ बरोबरीत सोडवले. स्टॉकफिशला दिलेली सामग्री बरोबरीची नव्हती, असा आक्षेप तेव्हा घेतला गेला आणि तो अगदीच पोकळ नव्हता. तरी एक आकडा विसरण्याजोगा नाही: स्टॉकफिश सेकंदाला सुमारे ७ कोटी स्थिती पाहत होती, अल्फाझीरो ८० हजार.

येथवर ऐकून नवी रीत जुनीहून सर्वस्वी वरचढ असे वाटेल. तसे नाही. टोपलीतल्या नमुन्यात सडके फळ न लागण्याचा संभव नेहमीच उरतो. गोमध्ये त्याने फारसे बिघडत नाही, एक चूक पुष्कळदा भरून काढता येते. बुद्धिबळात शंभर उत्तरे माझ्या सोयीची असून एकशे-एकावे मात देणारे असले तर सरासरी माझ्या बाजूने उत्तम आणि डाव गमावलेला. कॉर्नेल विद्यापीठातील रघुराम रामानुजन, आशिष सभरवाल आणि बार्ट सेलमन यांनी २०१० मध्ये हेच तपासले. बुद्धिबळाच्या झाडात उथळ सापळे जागोजाग पेरलेले असतात, अगदी उस्तादांच्या डावांतही. आणि सरासरीवर चालणारी रीत त्यांत सापडते, तर साधी, सगळे पाहणारी छाटणी ते सहज टाळते, असे त्यांना दिसून आले. सोलच्या चौथ्या डावात ली सेडॉलने ७८ वी खेळी केली, ती अल्फागोच्या अंदाजात जवळजवळ नगण्य होती. म्हणून तिच्या फांदीवर यंत्राने फारसे पाहिलेच नव्हते. त्या मालिकेतला लीचा एकमेव विजय तो. २०२३ च्या आरंभी तर केलिन पेल्रीन या अमेरिकन हौशी खेळाडूने 'काटागो' या बलाढ्य आज्ञावलीला १५ पैकी १४ डावांत हरवले. तिच्या खड्यांच्या एका समूहाभोवती तो सावकाश वेढा घाली, दुसरीकडे हूल देई, आणि वेढा पूर्ण होत आला तरी यंत्राला धोका दिसत नसे. मौजेची गोष्ट ही की हे छिद्र माणसाने नव्हे, त्यासाठीच बनवलेल्या दुसऱ्या आज्ञावलीने प्रथम शोधून दिले होते.

आज दोन्ही पंथ नांदत आहेत. 'लीला' ही अल्फाझीरोच्या वळणाची आज्ञावली. २०१९ मध्ये तिने यंत्रांच्या मोठ्या स्पर्धेत स्टॉकफिशला हरवले. स्टॉकफिशने २०२० मध्ये, छाटणी तशीच ठेवून, गुण देण्याच्या कामी लहानसे, चपळ मज्जाजाल घेतले. ही कल्पना जपानी बुद्धिबळासाठी यू नासू याने २०१८ मध्ये काढली होती. तेव्हापासून स्टॉकफिश पुन्हा वर आहे. म्हणजे खेळीची निवड जुन्या रीतीची आणि नजर नव्या रीतीची.

मोबाइलवरचा तो आकडा बहुधा याच स्टॉकफिशचा असतो. पूर्वी अधिक १ याचा अर्थ साधारण एका प्याद्याचा फायदा असा होता. २०२२ च्या अखेरपासून त्याला वेगळा अर्थ दिला आहे: स्टॉकफिश स्वतःविरुद्ध खेळली असता त्या स्थितीतून निम्मे डाव जिंकण्याजोगा फायदा. स्वतःविरुद्ध, हा शब्द महत्त्वाचा आहे. बोर्डीच्या शाळेतली दोन मुले त्या स्थितीत बसली तर काय होईल, याविषयी तो आकडा काहीच बोलत नाही. यंत्राने अधिक ०.८ दिलेल्या स्थितीत फायदा टिकवायला अकरा खेळ्या बिनचूक कराव्या लागत असतील, आणि उणे ०.३ च्या स्थितीत समोरच्याला एकच उत्तर असून ते त्याला सुचणारे नसेल. मुलाने दुसरी वाट धरली असेल तर त्याने गाढवपणा केला असे त्या आकड्यावरून ठरवू नये.

तेव्हा मुलांना यंत्र दाखवताना 'किती?' असे न विचारता 'का?' हे विचारायला लावावे. यंत्राने नाकारलेली खेळी मुद्दाम पटावर करावी आणि यंत्र तिला काय उत्तर देते ते पाहावे. छाटणी ज्या एका उत्तरापाशी झाली ते उत्तर म्हणजेच त्या खेळीवरचा खरा आक्षेप. दोन्ही आज्ञावल्या फुकट मिळतात. जमल्यास एकच स्थिती स्टॉकफिश आणि लीला या दोघींपुढे ठेवावी. जेथे त्यांचे जमत नाही तेथे बहुधा एखादा सापळा असतो, किंवा फार लांब पल्ल्याचा बेत असतो, आणि ती स्थिती पटावर मांडून तासभर भांडण्याजोगी असते. आकड्याशेजारी शोधाची खोली दाखवणारा दुसरा एक लहान आकडा असतो, तिकडे सहसा कोणी पाहत नाही. तो वाढत जातो तसतसा पहिला आकडा हलतो. पहिल्या दोन सेकंदांत उत्तम ठरलेली खेळी दोन मिनिटांनंतर पुष्कळदा तिसऱ्या क्रमांकावर गेलेली दिसते.